गुळव्याची लेक आणि मनाची वैद्यबाई

कुणाच्याही पणजीला आठवणार नाही इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. दोन नद्यांच्या मधे एक राज्य होतं, आणि त्या राज्यात जिकडे बघावं तिकडे ऊस होता. गावाचं नाव मी सांगणार नाही, माणसांचीही नाही. नावं सांगितली की तुम्ही लगेच म्हणता, हां, ती तिकडची माणसं, आपल्यात असलं काही नसतं. तेव्हा नावं राहू द्या.

त्या राज्यातल्या एका गावात एक गुळव्या राहायचा. गुऱ्हाळावर मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरटत असतो. त्याचा गूळ नेमका कधी झाला हे ज्याला कळतं, तो गुळव्या. काहील जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. म्हणून उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांत धरून त्याची गोळी वळते का ते बघायचं, आणि म्हणायचं, "उतरवा." ज्याचा ऊस असेल तो बिचारा त्या शब्दाकडे कान लावून उभा असायचा.

ह्या गुळव्याला एकच लेक. तिची आई लवकर गेली, म्हणून पोर काहिलीपाशीच वाढली. आणि गंमत बघा, बापापेक्षा तिची बोटं हुशार निघाली. परकर सांभाळत पळायची तेव्हापासून बाप गोळी तिच्या हातावर ठेवायचा नि विचारायचा, "काय गं, झालं का?" ती डोळे मिटून बोटं चोळायची आणि सांगायची, "अजून थोडं, आबा." मग थोड्या वेळानं, "हां, उतरवा." गावातले कुरकुरे म्हातारेसुद्धा तिचं ऐकायचे. त्यांना मधे बोलायची खोड होती, पण गूळ चांगला हवा होता.

ती मोठी झाली. नदीपलीकडच्या गावात तिचं लग्न झालं. मुलगा देखणा होता, बोलायला तर असा गोड की गुळव्याच्या घरची माणसंही भुलली. तुम्हीही भुलला असता. मीही.

आता इथं नीट ऐका, कारण इथंच लोकांची गफलत होते. तो नवरा तिला मारत नव्हता. दारूला शिवत नव्हता. घरात धान्य होतं, अंगावर लुगडं होतं. मग काय करत होता? सांगतो.

ती भाजी करायची. तो एक घास घ्यायचा आणि हळूच म्हणायचा, "आज परत मीठ विसरलीस." ती चाखायची, मीठ तर असायचं. "आहे की," म्हणाली तर तो हसायचा. "तुला कळत नाही गं, तुझी जीभच तशी."

ती सांगायची, "उद्या मी आबांकडे जाऊन येते, तुम्ही काल हो म्हणाला होतात." तो तिच्याकडे कनवाळूपणे बघायचा. "मी असं म्हटलंच नव्हतं. अगं, तुझ्या लक्षात काही राहत नाही. काळजी वाटते मला तुझी."

कधी अबोला धरायचा. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द नाही. कारणही सांगायचा नाही. ती घरभर फिरून शोधत राहायची की आपलं काय चुकलं. मग एके सकाळी फुलांची वेणी घेऊन यायचा, तिच्या केसांत माळायचा आणि म्हणायचा, "माझ्याशिवाय तुला कोण सांभाळून घेईल?" आणि तिला इतकं बरं वाटायचं, इतकं बरं वाटायचं, की ती त्याचे उपकार मानायची.

असं करता करता पोर बदलली. आधी ती चुलीपाशी विचारायला लागली, "मीठ किती घालू?" मग विचारायला लागली, "हे लुगडं नेसू का?" मग शेजारणीशी बोलताना दोन वाक्यं बोलायची नि गप्प व्हायची. माहेरी यायचं तर कधीच बंद झालं होतं. त्यानं सांगितलं होतं, "बापाला तू नको आहेस, तुझी बोटं हवी आहेत." तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

त्या गावात बांगड्या विकायला एक कासारीण यायची. गावोगाव फिरणारी, तोंडाची फटकळ, मनाची मोठी. एकदा ती त्यांच्या ओसरीवर बसली, पोरीचा हात हातात घेतला आणि विचारलं, "काय गं, हिरव्या भरू की लाल?"

पोरीनं दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. नवरा तर शेतावर गेला होता.

"तिकडं काय बघतेस? तुला कुठला रंग आवडतो?"

पोरीचे डोळे भरून आले. "मला ठाऊक नाही, मावशी," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा ना."

कासारणीनं बांगड्या बांधून ठेवल्या. दुसरं घर घेतलं नाही, काही नाही. तडक नदी ओलांडून गुळव्याच्या दारात आली आणि म्हणाली, "तुझी लेक मावळत चाललीय. जा आणि घेऊन ये."

गुळव्यानं बैलगाडी जुंपली. जावई घरी नव्हता हे बरंच झालं. बापानं लेकीला विचारलं, "येतेस माझ्याबरोबर?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, आबा." बाप म्हणाला, "चल." म्हणून ती गाडीत बसली. तेव्हाही ती दुसऱ्यानं सांगितलं म्हणूनच घराबाहेर पडली, एवढं ध्यानात ठेवा.

घरी आली. गुळव्याला वाटलं, झालं, लेक सुटली. आता चार दिवस तूपभात खाईल आणि पहिल्यासारखी हसायला लागेल. त्यानं घरात एक नियम केला. त्या गावाचं नाव काढायचं नाही, त्या माणसाचं नाव काढायचं नाही, विषयच काढायचा नाही. प्रेमानंच केला हो. पण आयुष्यभर काहिलीवरची मळी काढणारा हा माणूस! रस उकळायला लागला की मळी वर येणार, ती झाऱ्यानं काढून टाकायची, नाहीतर सगळा गूळ काळा होतो, हे ह्याला झोपेतही कळत होतं. आणि घरात मात्र लेकीच्या मनावर झाकण घालून बसला.

गावाचं तर काही विचारूच नका. आपल्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलंभाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. जवळ बसतात, फार बोलत नाहीत. ते लोकांना छान जमतं. पण ही पोर जिवंत नवऱ्याकडून आलेली. तिच्या घरी काय न्यायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून प्रत्येकानं एकेक सल्ला नेला.

"मारत नव्हता ना? मग एवढं काय?"

"विसरून जा बाई."

"दुसरं लग्न लावून द्या हिचं, आपोआप ठीक होईल."

समोरच्या घरची सून तर पाण्याला जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "सुख टोचतं काहींना."

पोर सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि प्रत्येकाला म्हणायची, "बरोबर आहे तुमचं."

एके दिवशी कासारीण आली. तिच्या हातात बांगड्यांची माळ नव्हती, फडक्यात बांधलेली पिठलंभाकरी होती. ती पोरीच्या समोर ठेवून म्हणाली, "खा."

पोर घाबरली. "कडू घास? कोण गेलं, मावशी?"

"तुझा संसार गेला की. चांगला होता की वाईट, ते नंतर बघू. गेला तो गेलाच. खा आणि रड."

पोर जेवली आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा रडली. कासारीण जवळ बसून राहिली. पण ती पडली फिरती बाई. दुसऱ्या दिवशी तिला पुढच्या गावाला जावंच लागलं.

मग गुऱ्हाळं सुरू झाली. गुळव्या लेकीला म्हणाला, "ये, पहिल्यासारखी गोळी बघ. तुझं मन रमेल." पहिलाच ऊस एका गरीब शेजाऱ्याचा होता. रस उकळला, मळी निघाली, पाक दाटला. पोरीनं थेंब पाण्यात टाकला, बोटांत घेतला.

"काय गं, झालं का?" बापानं विचारलं.

तिची बोटं सांगत होती, झालं. पण डोक्यात दुसरंच कुणी बोलत होतं. तुला कळत नाही गं. तिनं शेजाऱ्याला विचारलं, "झालं का हो?" तो म्हणाला, "मला काय कळतंय?" तिनं जाळ घालणाऱ्याला विचारलं. तिनं बापाला विचारलं, "आबा, तुम्हीच बघा ना." बापानं हात पुढे करेपर्यंत धुराचा वास आला. अख्खी काहील करपली.

शेजारी बिचारा एक शब्द बोलला नाही. आपल्या उसाच्या चिपाडांकडे बघत उभा राहिला. तेच तिला जास्त लागलं.

ती घरात गेली आणि गाठोडं बांधायला लागली. नेमकी त्याच दिवशी कासारीण फिरतीवरून परत आलेली. तिनं दारातून विचारलं, "कुठं निघालीस?"

"परत. त्यांच्याकडे." पोर वर न बघता म्हणाली. "ते म्हणत होते तेच खरं. मला काही कळत नाही. तिथं निदान काय करायचं ते कुणीतरी सांगतं."

अहो, माणूस पिंजऱ्यातून बाहेर आला तरी परत आत जाऊन बसतो, तो काही मूर्ख असतो म्हणून नव्हे. बाहेर कसं राहायचं हेच तो विसरलेला असतो. कासारणीला हे ठाऊक होतं. ती रागावली नाही, आडवी आली नाही.

"जा," ती म्हणाली. "मी कोण अडवणार? पण वाटेत, नदीच्या अलीकडे, मनाची वैद्यबाई राहते. तिच्याकडे एकदा बस. मग तुला जिकडे जायचं तिकडे जा."

"तिच्याकडे वेडे जातात, मावशी."

"मी गेले होते," कासारीण म्हणाली. "माझं मूल गेलं तेव्हा. मी वेडी दिसते का तुला? दिसत असले तरी आत्ता बोलू नकोस."

पोरीला हसू आलं नाही, पण ती गेली.

वैद्यबाईचं घर साधंच होतं. अंगणात लिंबाचं झाड. ती मधल्या वयाची, ठेंगणी, जराशी लंगडत चालणारी बाई होती. तिनं दोन पाट मांडले, समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. पोर बसली आणि म्हणाली, "मी परत जाऊ की नको? तुम्ही सांगाल ते करते."

"ते मी सांगणार नाही," वैद्यबाई म्हणाली.

"मग मी इतकं चालत कशाला आले?"

"बघ, दुखावलेलं मन कसं वागतं ते मी शिकलेय, त्यातलं जे मला ठाऊक आहे ते सगळं तुला सांगेन. पण तुला काय वाटतं हे मला कसं ठाऊक असणार? ते तुझ्याकडूनच कळायचं."

"मला काही वाटत नाही," पोर म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती.

दोघी बसून राहिल्या. ऊन सरकत सरकत पोरीच्या पायांवर आलं. वैद्यबाईनं विचारलं, "ऊन लागतंय का? सरकायचंय का तुला?"

"तुम्ही म्हणाल तसं."

वैद्यबाई काहीच म्हणाली नाही. ऊन गुडघ्यांवर आलं. पोर तशीच बसली. कपाळावर घाम आला, पाय पोळायला लागले, तिनं वैद्यबाईकडे बघितलं. वैद्यबाई तिच्याकडे मायेनं बघत होती, पण सरक म्हणत नव्हती की बस म्हणत नव्हती. एखाद्याला हे निष्ठुर वाटेल. तिचं काळीजही तुटत होतं, मी सांगतो तुम्हाला. पण ती थांबली.

बऱ्याच वेळानं पोर उठली, पाट उचलला आणि सावलीत मांडून बसली. मग घाबरून म्हणाली, "चाललं ना? मी सरकले."

"तुला कसं वाटतंय?"

पोर विचारात पडली. "गार वाटतंय," ती म्हणाली. आणि हे एवढं साधं वाक्य बोलून ढसाढसा रडली, कारण किती काळानं तिनं कुणाला न विचारता स्वतःबद्दल काही सांगितलं होतं.

त्या दिवशी एवढाच उपचार झाला. निघताना वैद्यबाई म्हणाली, "पुढच्या बाजारच्या दिवशी मी इथंच असेन." पोर गाठोडं घेऊन वाटेवर आली. एक वाट नवऱ्याच्या गावाला जात होती, एक बापाच्या. ती बराच वेळ उभी राहिली, आणि पुढच्या बाजारच्या दिवसापर्यंत बापाकडे थांबायचं असं तिनं ठरवलं. फार मोठं नाही ठरवलं, तेवढंच.

मग ती दर बाजारच्या दिवशी जायला लागली. तुम्हाला वाटेल, आता भराभर बरी झाली असेल. छे. काही दिवस ती तिथं जाऊन नुसती बसायची. काही दिवस रागावायची, वैद्यबाईवरसुद्धा. एकदा ती मान खाली घालून म्हणाली, "मला त्यांची आठवण येते. ती वेणी आठवते. इतकं सगळं होऊनही. मला लाज वाटते स्वतःची."

"आठवण येणारच," वैद्यबाई म्हणाली. "तू जीव लावला होतास. आठवण आली म्हणून परत जावंच लागतं असं काही नाही. आली तर येऊ दे, बसू दे जराशी, जाईल."

दुसऱ्या एका दिवशी पोर म्हणाली, "मी कसल्याच कामाची नाही."

वैद्यबाईनं विचारलं, "हे वाक्य कुणाचं?"

"म्हणजे?"

"तुझं आहे का? लहानपणी, काहिलीपाशी उभी असायचीस तेव्हा, असं म्हणायचीस का तू?"

पोरीनं बोटं चोळून बघितली. मग हळूच म्हणाली, "नाही. हे त्यांचं आहे."

तेव्हापासून दोघींनी तांदूळ निवडावे तशी वाक्यं निवडायला घेतली. मला काही कळत नाही, हे कुणाचं? त्यांचं. माझ्या लक्षात राहत नाही, हे? त्यांचं. आबांना मी नको आहे? तेही त्यांचंच. आणि मला बसून गप्पा मारायला आवडतं, हे? पोर हसली. "हे माझं."

एकदा तिनं विचारलं, "तुम्ही सगळ्यांचं ऐकता. तुमचं कोण ऐकतं?"

"वरच्या गावात एक म्हातारेबुवा आहेत," वैद्यबाई म्हणाली. "मी जाते त्यांच्याकडे. तेही मला काय करू ते सांगत नाहीत. फार राग येतो मला त्यांचा."

इकडे गावात कुजबुज सुरू झाली. गुळव्याची लेक वेडी झाली, दर बाजाराला वैद्यबाईकडे जाते. गुळव्याच्या कानावर आलं आणि त्याला वाईट वाटलं. एका संध्याकाळी तो लेकीच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "पोरी, मी तुझा बाप आहे ना? मला सांगता येत नाही असं तू त्या बाईला काय सांगतेस?"

लेकीनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आबा, तुम्हाला सांगितलं की तुम्ही रडता. मग मला माझं रडणं थांबवून तुम्हाला गप्प करावं लागतं."

 गुळव्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, हसायचा प्रयत्न केला आणि उठून गेला. पुढच्या बाजारच्या दिवशी त्यानं भर चावडीवरून, सगळ्यांच्या देखत, लेकीला गाडीत बसवून वैद्यबाईच्या दारापर्यंत सोडलं. ती बाहेर येईपर्यंत बैलांना चारा घालत बसून राहिला. घरातला तो नियमही मोडून टाकला.

असे दिवस गेले. आणि एक दिवस तो आला. नवरा.

भर सकाळी आला, अंगावर पांढरे कपडे, हातात फळांची करंडी. चावडीपाशी थांबून तो म्हाताऱ्यांच्या पाया पडला. गुळव्याच्या अंगणात आला तेव्हा मागे निम्मं गाव होतं. सासऱ्यासमोर हात जोडून म्हणाला, "चुकलं असेल माझं काही, तर मोठ्या मनानं पोटात घाला. तिच्यावाचून घर खायला उठतंय."

म्हातारे विरघळले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. समोरच्या घरची सून तेवढी काही बोलली नाही.

पोर दारात येऊन उभी राहिली. त्याला बघताच तिला वाटलं की आत जाऊन कडी लावावी आणि, खरं ते सांगतो, हेही वाटलं की त्याच्याकडे धावत जावं. दोन्ही एकदमच वाटलं.

"अगं, किती वाळलीस," तो म्हणाला. आवाज तोच, लोण्यासारखा. "चल आता. निघताना तूच म्हणाली होतीस ना, गुऱ्हाळं उरकली की येते म्हणून? मी वाट बघत होतो."

ती म्हणाली, "मी असं म्हटलं नव्हतं." ती निघाली तेव्हा तो घरी नव्हताच.

तो हसला. लोकांकडे वळून म्हणाला, "हे असं होतं बघा. निरोप पाठवला होता हिनं. हिच्या लक्षात राहत नाही. आणि आता त्या बाईनं कान भरलेत."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.  पाठवला होता का निरोप? कासारणीबरोबर? कदाचित पाठवला असेल. कदाचित मीच विसरले असेन. तिनं दाराची चौकट धरली. बाप पुढे झाला, त्याच्या ओठांवर शब्द आले होते, पण तिनं हात वर करून त्याला थांबवलं. आणि डोळे मिटून तिनं स्वतःला विचारलं, हे वाक्य कुणाचं?

मग तिनं डोळे उघडले. "मी निरोप पाठवला नव्हता," ती म्हणाली. "मला आठवतंय."

"अगं वेडे, तुला कुठलं आठवतंय..."

"मला आठवतंय," ती पुन्हा म्हणाली.  "भाजीत मीठ असायचं. तुम्ही आधी हो म्हणायचात आणि मग, मी असं म्हटलंच नव्हतं, म्हणायचात. मला सगळं आठवतंय. मी येणार नाही."

आणि काय झालं ठाऊक आहे? तो गोड चेहरा उतरला. लोकांनी पहिल्यांदाच खालचा चेहरा बघितला. "तुला विचारतंय कोण इथं?" तो दात ओठ खात म्हणाला. "काहील करपवलीस म्हणे. कोण पोसणार तुला? माझ्याशिवाय तू आहेस कोण?"

 मग ज्याची काहील करपली होती तो गरीब शेजारी गर्दीतून पुढे आला, फळांची करंडी उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "पाव्हणं, तिनं नाही म्हटलंय." एवढंच म्हणाला आणि वाट दाखवत त्याला वेशीपर्यंत सोडून आला.

पोर घरात गेली आणि दिवसभर रडली. बाप जवळ बसला. तोही रडला, पण ह्या वेळी त्यानं तिला सांगितलं, "मला गप्प करू नकोस. माझं मी बघतो."

तो परत आला नाही. पण म्हणून ती त्या दिवसापासून सुखात नांदली असं मी सांगणार नाही, कारण मला तुमच्याशी खोटं बोलायला आवडत नाही. ती त्यानंतरही पुष्कळ दिवस वैद्यबाईकडे जात राहिली. कधी चांगली असायची, कधी सकाळी उठून विनाकारण घाबरायची. हळूहळू चांगले दिवस वाढले. गुऱ्हाळावरही परत गेली. एकदा चुकली, गूळ जरा कच्चा राहिला. "चुकलं माझं," ती म्हणाली, आणि पुढचा रस काहिलीत ओतायला लागली. त्या दिवशी वैद्यबाईला हे सांगताना तिला फार आनंद झाला होता.

एका दुपारी ती अंगणात एकटी बसली होती. समोरच्या घरची सून आली, तीच, सुख टोचतं म्हणणारी. तिनं आधी रस्त्यावर इकडेतिकडे बघितलं. मग हवापाण्याचं बोलली. मग उसाचं बोलली. जायला निघाली, परत वळली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "माझा नवरा मारत नाही हं मला."

 गुळव्याच्या लेकीनं सल्ला दिला नाही, त्या टोमण्याची आठवणही करून दिली नाही. ती उठली, पायात वहाणा घातल्या आणि म्हणाली, "वैद्यबाईकडे मी येते तुझ्याबरोबर. वाट जरा उन्हाची आहे, पण लांब नाही."

दोघी भर दुपारी, भर रस्त्यानं, चावडीवरून गेल्या. कुणीतरी काहीतरी म्हणालंच असेल. लोक म्हणतातच.

बोध एवढाच, की स्वतःवरचा विश्वास घालवणाऱ्या माणसापासून दूर आलात तरी तो विश्वास एकट्यानं परत मिळत नाही, म्हणून जाणत्या माणसाची सोबत मागा, सावकाश बरे व्हा, आणि त्याची लाज मुळीच बाळगू नका.